डिस्क कुठेही लावा, गाणं सुरू झालं पाहिजे

इंदुरातल्या मराठी घरांमधला गाण्याचा संग्रह एका जागी राहत नाही. रामबागेतल्या घरी तो टीव्हीवर लागतो, पुण्याला शिकणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर लागतो, गणपतीत कॉलनीच्या मांडवातही लागतो. म्हणून पोर्टेबल हार्ड डिस्कवर संग्रह मांडताना माझा आग्रह एकच असतो: गाण्याबद्दलची सगळी माहिती डिस्कवरच, शक्यतो त्या फाइलच्या पोटातच असावी. प्लेयरच्या डेटाबेसमध्ये भरलेली माहिती डिस्क काढली की त्या कॉम्प्युटरवरच राहून जाते.

आधी आकाराचा हिशेब. सीडीच्या दर्जाचं एक तासाचं ध्वनिमुद्रण कॉम्प्रेस न करता सुमारे ६३५ एमबी होतं, फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल लहान करणारा प्रकार) साधारण ३०० ते ४०० एमबी, आणि ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत १४४ एमबी. १ टीबीची डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. दुकानदारानं फसवलेलं नसतं. एवढ्या जागेत फ्लॅकचे अडीच हजार तास बसतात. फक्त गाणं असेल तर इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून २.५ इंची १ टीबी आणावी, नाटकांचे व्हिडिओ असतील तर २ टीबी. २ टीबीच्या पुढे एक अडचण येते: डिस्कचे भाग नोंदवायची जुनी एमबीआर पद्धत तिथेच संपते, नवी जीपीटी घ्यावी लागते, आणि बरेच जुने टीव्ही जीपीटी डिस्क ओळखतच नाहीत.

डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइल नोंदायची पद्धत, एक्सफॅट ठेवा. एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे तीन तासांचं नाटक तिथेच अडतं. एक्सफॅट विंडोज, मॅक आणि २०२० नंतरचं लिनक्स, तिन्हीकडे वाचता-लिहिता येतं. त्याची खरी कमजोरी वेगळी आहे. त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरणारी नोंदवही, नाही. लिहिणं चालू असताना केबल ओढली तर फक्त ती फाइल नाही, कधी कधी पूर्ण फोल्डर बिघडतो. ‘इजेक्ट’ करून, डिस्कची घरघर थांबल्यावरच ती हलवायची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. केवळ टीव्ही एक्सफॅट वाचत नाही म्हणून डिस्क एनटीएफएस करायची की नाही, हे घरात मॅक आहे का यावर ठरवा.

टीव्हीला लावल्यावर डिस्क टक-टक करत राहिली आणि यादी आलीच नाही, तर बहुधा वीज कमी पडते आहे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्क त्याहून जास्त ओढू शकते. टीव्हीवर ‘एचडीडी’ लिहिलेला पोर्ट असेल तर तोच वापरा, केबल आखूड घ्या, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा.

आता नावं आणि टॅग, म्हणजे फाइलच्या पोटातली गायक, राग वगैरे माहिती. हे काम कंटाळवाणं आहे, पण संग्रहाचा जीव इथेच आहे. माझं मत स्पष्ट आहे: फोल्डर आणि फाइलची नावं रोमन लिपीत, टॅग देवनागरीत. जुन्या टीव्हीत आणि कारमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, नावांच्या जागी चौकोन दिसतात. शिवाय लिनक्सच्या स्वतःच्या एक्स्ट४ फॉरमॅटमध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलंतसुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. गायक, राग, बंदिश, गाव आणि वर्ष लिहिलं की ती संपतात.

एमपीथ्रीच्या टॅगसाठी एमपीथ्रीटॅग हा प्रोग्रॅम वापरा आणि त्याच्या सेटिंगमध्ये आयडीथ्री (टॅग लिहायची पद्धत) आवृत्ती २.३, यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची युनिकोड पद्धत) निवडा. जुनी उपकरणं २.४ चुकीचं वाचतात. पूर्वी श्रीलिपी किंवा शिवाजी अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले टॅग कोणतंही सेटिंग बदलून सुधारत नाहीत. ते आधी युनिकोडमध्ये बदलावे लागतात. रागासाठी वेगळं फील्ड जरूर करा, पण टीव्ही आणि कार ते दाखवत नाहीत, म्हणून शीर्षकातही राग आधी, मग बंदिशीची सुरुवात असं लिहा. इंदुरात निम्म्या फाइल मराठी घरांतून येतात, निम्म्या हिंदी मित्रांकडून. एकात ‘मालकंस’, दुसऱ्यात ‘मालकौंस’. एक रूप ठरवा, नाहीतर शोधताना अर्धा संग्रह हाती लागत नाही.

प्लेलिस्ट एमथ्रीयू-एट (m3u8) प्रकारात, डिस्कच्या मूळ फोल्डरमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, ठेवा. नोटपॅडमध्ये उघडून पाहा: ओळ ‘ई’ किंवा ‘एफ’ ड्राइव्हच्या अक्षरानं सुरू होत असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती चालणार नाही. ड्राइव्हचं अक्षर काढून टाका, मार्ग फोल्डरच्या नावापासून सुरू करा, तिरक्या रेघा पुढे झुकणाऱ्या ठेवा. फूबार २००० हा विंडोजचा प्लेयर इन्स्टॉल करताना ‘पोर्टेबल’ पर्याय निवडून डिस्कवरच टाकलं, तर प्लेयरही सोबत फिरतो.

मांडवातल्या जुन्या साउंड सिस्टिमला ही डिस्क लावूच नका. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ करून त्यावर एमपीथ्री प्रती टाका. असले बरेच प्लेयर फाइल नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, डिरेक्टरीत ज्या क्रमानं नोंदल्या गेल्या त्या क्रमानं वाजवतात. आरती आधी हवी तर आरती आधी कॉपी करा.

शेवटचं, दुसरी प्रत. तितक्याच आकाराची दुसरी डिस्क घ्या आणि दुसऱ्या घरी ठेवा. विंडोजमधल्या रोबोकॉपी या आज्ञेचा मिरर पर्याय (दुसरी डिस्क हुबेहूब पहिलीसारखी करणारा) चांगला आहे, पण स्रोत आणि गंतव्य उलटे लिहिले तर तो निमूटपणे सगळं पुसतो. आधी आज्ञेला ‘एल’ स्विच (/L) लावून काय होणार ते फक्त वाचा. फ्लॅक फाइलच्या आत मूळ आवाजाची एमडी५ खूण (आवाजावरून काढलेला ओळखक्रमांक) साठवलेली असते, म्हणून फ्लॅकच्या टेस्ट आज्ञेनं फाइल सडली आहे का ते कळतं. ही तपासणी मिररच्या आधी करा. चूक निघालेली फाइल दुसऱ्या डिस्कवरून परत आणा, आणि मगच मिरर चालवा, नाहीतर बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर जाऊन बसू शकते.