कपेलाचा नकाशा चारदा बदलला

मी फोंड्याची, देवळाच्या सभामंडपात खेळून वाढलेली. गोव्यातल्याच सासष्टीतल्या एका वाड्यावर नवं कपेल, म्हणजे छोटं चर्च, बांधायचं काम मिळालं, तेव्हा पहिला नकाशा भराभर काढला: लांबट दालन, टोकाला वेदी, मागे वेगळं सभागृह. फादरनी तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "बाय, हे गर्भगृह झालं. आमचे लोक वेदीभोवती जमतात."

मग त्यांनी समजावलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जागतिक धर्मसभेने, 1963 साली उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यानंतर लॅटिनच्या जागी लोकांची भाषा आली, भिंतीला टेकलेली वेदी पुढे सरकली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना, म्हणू लागले. म्हणजे मला लांबीपेक्षा रुंदी हवी होती.

मुंबईत दादरला जाऊन वास्तुकार चार्ल्स कोरियांचं साल्व्हासांव चर्च पाहिलं, 1970च्या दशकातलं. तिथे एकच मोठं दालन नाही. अंगणं आणि छताखालच्या जागा एकमेकींत उघडतात. त्या अंगणातच मला आमचं सभागृह कुठे हवं ते कळलं. मागे नाही, बाजूला, घडीच्या दारांनी जोडलेलं. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, गर्दी झाली की दारं सरकवायची.

नव्या नकाशात बाकं तिन्ही बाजूंनी वेदीकडे वळवली. बैठकीत एका आजींनी विचारलं, "बाय, व्हकल खंयच्यान येतली?" मी गप्प झाले. नवरी ज्या वाटेने येते, त्याच वाटेने शवपेटीही आत येते, आणि मी ती वाटच पुसून टाकली होती. तिसऱ्या नकाशात दारापासून वेदीपर्यंत रुंद मधली वाट परत आली, बाकं तिच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखी. बाप्तिस्म्याचं कुंड दाराशीच ठेवलं.

चौथा बदल चिऱ्यामुळे, म्हणजे जांभ्या दगडामुळे. मला भिंती उघड्या हव्या होत्या. पण जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा गिलावा 1950च्या दशकात काढला आणि तेव्हापासून पाऊस त्या चिऱ्याला खातो आहे. आमच्या पावसाच्या बाजूला चुन्याचा गिलावा केला, उघडा चिरा फक्त आत ठेवला.

परवाने मिळायला वेळ लागला. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

गोव्यातल्या घरांपुढच्या बलकांवात, म्हणजे पडवीत, असतात तसे सोपे, म्हणजे बसायचे बांधीव कट्टे, मी बाहेरच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बांधले, खोल पागोळीखाली. मिस्सा संपली की माणसं लगेच घरी जात नाहीत. गेल्या आषाढात भर पावसात गेले, तर आजी तिथेच बसल्या होत्या. मला पाहून बाजूला सरकल्या.