गोधड्या माळावर कशाला नेते?

‘गोधड्यांचे फोटो माळावर, ओढ्यात, कातळावर जाऊन कशाला काढता? घरात पांढऱ्या भिंतीवर छान येतील की!’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

भिंत आणू कुठून? गावाकडच्या खोलीत गोधडी पूर्ण पसरली की मला मागे सरकायला जागा उरत नाही. त्यात समोरून फ्लॅश मारला की धावदोरा दिसेनासा होतो, गोधडीची छापील चादर होते. सकाळच्या तिरप्या उन्हात टाक्याटाक्याला सावली धरते. गवतावर मात्र मी अंथरत नाही. पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर हिरवी झाक येते आणि नंतर कुसळं वेचत बसावं लागतं. काळा कातळ बरा.

‘निसर्गात नेऊन नटवते’ हा आरोप तर मुळीच मान्य नाही. नवरात्राआधी दसरा काढतात तेव्हा घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जातं, खडकांवर, कुंपणांवर वाळतं. गोधडीला उन्हात मी नेलेलं नाही.

हां, कासच्या वाटेवर धुक्यात दोरीला टांगलेल्या गोधड्यांचे फोटो माझेच. लाइकही भरपूर पडले. तेव्हाच्या मला आज विचारलं, की असल्या टांगलेल्या गोधडीत झोपतं कोण, तर ती म्हणेल, झोपायला नाही, बघायला टांगलीय. उत्तर अगदीच टाकाऊ नाही.

खरं अडलं ते माण तालुक्यात. एका आजींच्या गोधडीला वरून अख्खं इरकली लुगडं, खालून ठिगळांवर ठिगळं: नवऱ्याचा सदरा, नातवाचं झबलं, कुणाकुणाचे परकर. मी ती बाजू वर केली. आजींनी न बोलता उलटली. मी पुन्हा पालटली.

‘फाटकी बाजू कशाला दावतीस? पावण्याला कुनी फाटकं अंथरतं व्हय?’

मी समजावू लागले, आजी, हीच सुंदर आहे, इथे तुमचा हात दिसतो.

‘हात दोनी बाजूंनी माझाच हाय.’

टाका आरपार जातो, हे त्यांनी मला सांगायचं! तोवर ऊन डोक्यावर आलं. शेवटी दोन्ही बाजू काढल्या. ठिगळांच्या वेळी त्या उठून शेळीकडे गेल्या.

त्यांना प्रिंट पाठवली ती लुगड्याच्या बाजूची. प्रदर्शनात मी कुठली लावते, ते तुम्ही पाहिलंय. विचारून लावते का? विचारलं होतं. ‘तुझं तू बघ,’ म्हणाल्या. ही परवानगी होती की राग, मला ठरवता येत नाही. फोटो मात्र मी उतरवलेला नाही.