डब्यात न आलेल्या रात्री

आमच्या प्रयोगशाळेत येणारं बहुतेक काम कंपन्यांचं. पाकिटामागच्या पोषणतक्त्यात छापायचे आकडे आम्ही काढून देतो. आकडा मनासारखा आला नाही की मार्केटिंगवाल्यांचा फोन येतो, "मॅडम, एकदा रिपीट करून बघा ना." रिपीट केलं तरी स्निग्धांश तेवढाच निघतो, पण त्यांचं समाधान होत नाही. एका माणसाचं अख्ख्या दिवसाचं खाणं तपासायला यावं, असं मात्र क्वचित घडतं. म्हणून लठ्ठपणाच्या क्लिनिकमधून ते डबे आले, तेव्हा नमुने उतरवून घ्यायला मी स्वतः गेले.

रीत जुनी आणि साधी आहे. माणूस जे जे खातो, तेवढंच दुसऱ्या डब्यात टाकतो. चार बिस्किटं खाल्ली तर चार डब्यात, अर्धा ग्लास दूध प्यायलं तर अर्धा ग्लास डब्यात. दिवसाचा एक डबा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती. पेशंट पन्नाशीचा, कंट्रोल रूममध्ये कायम रात्रपाळी. डायरीत रोज १६०० कॅलरींच्या आसपास लिहितो आणि तरी वजन वाढतंय. शेवटची ओळ अशी: 'पेशंट कमी सांगतो असा दाट संशय.' नमुना हातात यायच्या आधीच निकाल लिहून पाठवणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत. पण संशय अगदी निराधार होता असंही नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 'आम्ही खातो कमीच, तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या लठ्ठ माणसांचं खाणं आणि खर्च नीट मोजला, तेव्हा ती मंडळी सरासरी ४७ टक्के कमी खाणं आणि ५१ टक्के जास्त हालचाल सांगत होती. हे आकडे वजनाच्या डॉक्टरांना तोंडपाठ असतात. त्याच माणसांची चयापचयाची गती मात्र व्यवस्थित होती. म्हणजे मधली गाठ पोट आणि आठवण यांच्यात कुठेतरी होती. ते कुणी फारसं सांगत नाही.

डबे दोन जातींचे निघाले. काही दिवस सगळं पाकिटातलं: प्रोटीन बार, शेक, 'लाइट' बिस्किटं, कपात गरम पाणी ओतून होणारं काहीतरी. उरलेले दिवस घरी शिजवलेलं: भाज्या, कडधान्यं, अंडी, दही, फळं. आधीच्या एका आहारसल्ल्यात त्याला 'मोजायला सोपं पडतं' म्हणून पाकिटं सांगितली होती, नंतर दुसऱ्या कुणीतरी घरचं सांगितलं, आणि तो दोन्ही आलटून पालटून करत होता.

आता आमची बाजू. शिजवलेल्या जेवणाचा डबा मिक्सरमधून एकजीव करणं सोपं, पण चरबी भांड्याच्या कडेला आणि झाकणाला जाऊन बसते. ती पट्टीने खरवडून परत आत घेतली नाही तर आकडा गेलाच. बारचं उलटं. लगदा पात्याला असा चिकटतो की मोटर रडते. तो द्रव नायट्रोजनमध्ये कडक गोठवून मग दळावा लागतो. त्यानंतर सगळं गोठवूनच सुकवायचं, पुन्हा दळायचं, एक ग्रॅमच्या आसपासची गोळी दाबायची. ती गोळी जाड पोलादी भांड्यात ठेवायची, आत मिलीलिटरभर पाणी, वर हवेच्या तीसपट दाबाचा ऑक्सिजन, आणि ते भांडं मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवून तारेने पेटवायचं. पाण्याचं तापमान किती चढलं यावरून उष्णता. आम्ही या भांड्याला नुसतं 'बॉम्ब' म्हणतो, आणि गर्दीत फोनवर या विषयावर बोलायचं नाही असा आमचा अलिखित नियम आहे. दर सकाळी आधी बेंझोइक आम्ल जाळायचं. ते ग्रॅमला २६.४ किलोज्यूल देतं, जगात कुठेही. तो आकडा जुळला नाही तर त्या दिवशी कुठल्याच आकड्यावर माझी सही नाही. या एका बाबतीत मी हट्टी आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण बॉम्ब सगळंच जाळतो. आपलं शरीर तसं जाळत नाही. प्रथिनं बॉम्बमध्ये ग्रॅमला साधारण ५.६५ किलोकॅलरी देतात (पाकिटावरची 'कॅलरी' म्हणजे हीच). शरीरात त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो आणि सोबत ऊर्जाही नेतो. कोंडा, साली, बियांची कवचं बॉम्बमध्ये झकास पेटतात, आतड्यातून बरीचशी तशीच निघून जातात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी माणसं खोलीएवढ्या यंत्रात बसवून, त्यांचं खाणं आणि मलमूत्र दोन्ही तपासून, ४, ९, ४ हे सरासरी गुणक काढले: प्रथिनांना ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धाला ९, कर्बोदकांना ४. पाकिटावरची कॅलरी आजही बहुतेक याच गुणाकारातून येते. सरासरी म्हणून गुणक चोख, पण एकेका पदार्थाला लावले की कधी कधी फसतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातल्या संशोधकांनी माणसांना बदाम खाऊ घालून मोजलं, तर २८ ग्रॅममधून १७० ऐवजी १२९ च कॅलरी अंगी लागत होत्या. बदाम दाताने नीट फुटत नाही, पेशींच्या भिंतीआडचं तेल आत अडकूनच राहतं. शिवाय पचवायचा खर्च वेगळा. प्रथिनांतल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के पचवण्यातच जाते, स्निग्धातली जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत. हे तक्त्यात कुठेच छापत नाहीत.

तर त्या डब्यांचं काय झालं? दुरुस्त्या करून दोन्ही जातींचे दिवस १६०० च्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे सांडले. डायरी खरी होती. पाकिटांचे दिवस लिहिलेल्यापेक्षा जरा वर गेले, पण तो दोष पेशंटचा नव्हे, छपाईचा. अमेरिकेसारख्या देशातही छापलेल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी नियमात बसतात.

मला थांबवलं ते उष्णतेच्या आकड्याने नाही, वजनकाट्याने. पाकिटांचा अख्खा दिवस सातशे ग्रॅमच्या आत मावत होता, शेक धरून. घरच्या जेवणाचा दिवस दोन किलोंच्या वर, त्याला दोन डबे लागत. कॅलरी तेवढ्याच. माझा लॅब असिस्टंट दोन्ही शेजारी ठेवून म्हणाला, "मॅडम, हा माणूस एक दिवस जेवतो आणि एक दिवस नुसता सही करतो."

रिपोर्ट थेट डॉक्टरांना जातो, पेशंटला आम्ही भेटत नाही. पण हा स्वतःच काउंटरवर येऊन बसला. रात्रपाळी संपवून आला होता, डोळे लाल. मी समोर येताच विचारलं, "मॅडम, एवढंच सांगा. मी खोटारडा आहे का?"

मी म्हणाले, "डब्यात जे होतं ते तुम्ही लिहिलंय तसंच आहे."

तो एकदम सैल झाला. मला तेवढ्यावर उठता आलं असतं, पण डोक्यात ते सातशे ग्रॅम होते. विचारलं, "पाकिटाच्या दिवशी भूक कशी असते?"

"दिवसा काही नाही. पहाटे तीनला मात्र भयंकर. बार चार घासांत संपतो हो, खाल्ल्यासारखंच वाटत नाही. मग ऑफिसातल्या खाऊच्या मशीनमधून काहीबाही निघतं. हाताला येईल ते."

"ते डब्यात टाकलंत?"

"नाही. ते दिवस मी पाठवलेच नाहीत. डॉक्टरसाहेब म्हणाले होते, नेहमीसारखे दिवस पाठवा. बिघडलेली रात्र म्हणजे नेहमीसारखी नव्हे ना?"

हे वाक्य त्याने इतक्या सरळपणे उच्चारलं की हा माणूस काही लपवत नाही, याबद्दल मला शंका उरली नाही. आणि डॉक्टरांचा संशयही खोटा नव्हता. डबे खरे, डायरी खरी, फक्त आठवड्यातल्या ज्या रात्रींनी वजन वाढवलं, त्या आमच्या दारापर्यंत आल्याच नव्हत्या. बिघडलेल्या रात्री कुठल्या दिवसांमागून येतात, हेही मी विचारलं. जरा आठवून म्हणाला, "बहुतेक पाकिटांच्याच." एका माणसाच्या आठवणीवर मी शास्त्र उभं करणार नाही. पण २०१९ मध्ये संशोधक केव्हिन हॉल यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात २० जणांना महिनाभर ठेवून हेच बघितलं होतं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, आणि हवं तेवढं खायची मुभा. समोर येणाऱ्या ताटांत कॅलरी, साखर, स्निग्ध, मीठ, तंतू (फायबर) सगळं जुळवलेलं. तरी प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, भराभर खाल्लं, आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वाढली. साध्या अन्नावर तेवढीच घटली. त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो: प्रक्रिया केलेल्या ताटात तंतू जुळवायला ते पेयात कालवून द्यावे लागले होते. घन अन्न चिमूटभर जागेत ठासलेलंच राहिलं.

कॅलरी ती कॅलरीच की तिला दर्जाही असतो, या वादात लोक हमरीतुमरीवर येतात. माझ्या टेबलावरून बघितलं तर उष्णतेच्या हिशेबात ती कॅलरीच, आणि बदामासारखे अपवाद सोडले तर पचनातला फरकही मर्यादित. मोठा फरक पडतो तो पुढच्या घासावर. कर्बोदकं की स्निग्ध, या भांडणाचा निकालही फिकाच लागला. २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत दोन्ही गटांचं वजन पाच ते सहा किलोंनी उतरलं, फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करून भाज्या आणि साधं, कमी प्रक्रियेचं अन्न खायला सांगितलं होतं, हे मात्र बातम्यांत मागे पडलं.

उठता उठता तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी एक गोळी चालू केली, बहुतेक वजन तेव्हापासूनच वाढलं. गोळीचं नाव ऐकून मी गप्प बसले. त्या गटातल्या औषधांनी भूक वाढते, हे छापील माहितीपत्रकातच असतं. क्लिनिकच्या चिठ्ठीत औषधांचा रकाना कोरा होता. त्यात रात्रपाळी. एकाच माणसात झोप, गोळी, मशीन आणि चार घासांचा बार असं सगळं एकत्र आलेलं. १९९० नंतर जगात प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून जास्त झाला, २०२२ मध्ये आठात एक माणूस लठ्ठ होता. एवढ्या वर्षांत माणसांची जनुकं बदलली नाहीत आणि मनोनिग्रहही सगळ्यांचा एकदम ढासळला नसणार. जनुकं कुणाला किती झळ बसते ते ठरवतात. १९९० च्या एका प्रयोगात एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना सारखंच जादा खायला घातलं, तर कुणी ४ किलोंनी वाढलं, कुणी १३ किलोंनी, आणि जुळी भावंडं मात्र एकमेकांच्या जवळपासच. तरीही ओपीडीत पहिला प्रश्न असतो, "खरं सांगा, काय खाता?"

रिपोर्टच्या शेऱ्यात मी एक ओळ घातली: 'नमुन्यांसाठी दिवसांची निवड पेशंटने केलेली असून न पाठवलेल्या दिवसांबाबत या निष्कर्षावरून अनुमान काढू नये.' आमच्या सरांनी ती खोडली. "आपण उष्मांक मोजतो, कथा लिहीत नाही." तांत्रिकदृष्ट्या सर बरोबर, आणि त्यांना क्लिनिकचं कामही टिकवायचंय. रिपोर्ट ओळीशिवाय गेला. दोन दिवसांनी मी डॉक्टरांना फोन केला. गोळीचं सांगणं पेशंटकडेच सोपवलं. दिवसांच्या निवडीचं तेवढं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता, मग म्हणाले, "म्हणजे मी त्याला सांगताना चुकलो." असं सहज कबूल करणारे डॉक्टर मी फार पाहिलेले नाहीत, चिठ्ठीबद्दलचा माझा राग थोडा उतरला.

आता सलग सात दिवसांचे डबे मागवलेत, बिघडलेल्या रात्रींसकट, मशीनमधली पाकिटं वेष्टनासह. नमुन्याच्या फॉर्मवर मी पेन्सिलीने दोन रकाने आखलेत: 'किती मिनिटांत खाल्लं' आणि 'चालू औषधं'. सरांची सही अजून व्हायची आहे.