चारही अ‍ॅक्सिसना एकच डीकोडर

एन्कोडर म्हणजे शाफ्ट किती फिरला ते सांगणारा सेन्सर, आणि डीकोडर म्हणजे त्याचे सिग्नल मोजणारं, आमच्या एफपीजीए चिपमधलं (आतलं लॉजिक आपण ठरवू शकतो अशी चिप) सर्किट. आमच्या एन्कोडरला १,००० रेषा आहेत. चारपट मोजणी (प्रत्येक रेषेमागे ए आणि बी या दोन सिग्नलांच्या मिळून चार कडा) धरली की एका फेरीला ४,००० काउंट. शाफ्ट शंभर वेळा फिरवला तर डीकोडरच्या रजिस्टरमध्ये (आकडा साठवायच्या जागेत) ४,००,००० दिसायला हवेत. मला दिसले ३,९९,९९७. पुन्हा फिरवला, ३,९९,९९८.

ए आणि बी सिग्नल सिंक्रोनायझरविना, म्हणजे चिपच्या क्लॉकशी जुळवून न घेता, थेट लॉजिकमध्ये शिरत होते. हे मी ओळखलं, कारण हीच चूक पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये मीच दुरुस्त केली होती, दोन्ही सिग्नलांना दोन-दोन फ्लिप-फ्लॉप लावून. पण या प्रोजेक्टमध्ये डीकोडरचं फोल्डर त्याआधीच कॉपी करून ठेवलेलं होतं. दोन्हीकडे व्हर्जन १.०. शेजारी जी प्रत पडली होती, ती प्लॅटफॉर्म डिझायनरने (चिपमधले तयार भाग जोडणाऱ्या टूलने) घेतली. त्याचं काहीच चुकलं नाही.

त्या संध्याकाळी सगळ्या प्रती काढून टाकल्या. आता आमचे सगळे कंपोनंट एकाच गिट रेपॉझिटरीत आहेत आणि टूलच्या आयपी सर्च पाथमध्ये (तयार भाग कुठे शोधायचे त्या यादीत) तोच पत्ता आहे, शेवटी दोन चांदण्या देऊन, म्हणजे आतली फोल्डरंही शोधली जातात. व्हेरिलॉगची (सर्किट लिहायच्या भाषेची) एक ओळ जरी बदलली तरी कंपोनंटचं वर्णन करणाऱ्या एचडब्ल्यू टीसीएल फाइलमधलं व्हर्जन वाढवायचंच, हे मी टीममध्ये हट्टाने पाळायला लावते.

खरी मजा सबसिस्टमची आहे. याच कामाच्या जुन्या टूलमध्ये, एसओपीसी बिल्डरमध्ये, सगळं एकाच पातळीवर मांडावं लागायचं. त्याच्या जागी आलेल्या २०११ च्या क्यूसिसपासून एक सिस्टम दुसरीत कंपोनंटसारखी ठेवता येते. पुढे त्याचंच नाव प्लॅटफॉर्म डिझायनर झालं. मी डीकोडर, पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलणारा भाग) आणि एक पाइपलाइन ब्रिज (बाहेरचं वाचन-लेखन आत पोचवणारा दुवा) मिळून ‘अ‍ॅक्सिस’ नावाची सबसिस्टम केली. प्रत्येक स्लेव्हला, म्हणजे डीकोडरला आणि पीडब्ल्यूएमला, ३२ बिटांची १६ रजिस्टरं, म्हणजे ६४ बाइट. आत डीकोडर हेक्स (सोळाच्या पायातल्या आकड्यात) ०० या पत्त्यावर, पीडब्ल्यूएम हेक्स ४० वर. ब्रिजला बाइट अ‍ॅड्रेसचे सात बिट पुरतात. वरच्या सिस्टममध्ये चार अ‍ॅक्सिस हेक्स ०००, १००, २०० आणि ३०० वर. निऑसवरचा (चिपमधल्या प्रोसेसरवरचा) सी ड्रायव्हर एकच, फक्त अ‍ॅक्सिसचा क्रमांक गुणिले हेक्स १००.

एन्कोडरच्या पिनांचं कंड्युइट (पिनांकडे थेट जाणारी जोडणी) मात्र दोनदा एक्सपोर्ट करावं लागतं, एकदा सबसिस्टममधून, एकदा वरच्या सिस्टममधून. यातलं एक जरी राहिलं तरी सिग्नल चिपच्या पिनेपर्यंत पोचत नाही. आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण इथेच अडतो, म्हणून मी हे पहिल्याच दिवशी शेजारी बसून दाखवते.

दुरुस्त डीकोडरचं व्हर्जन १.१ टाकून परत जनरेट केलं, कंपाइल झालं, बोर्डवर चढवलं. चारही शाफ्ट शंभर-शंभर फेऱ्या फिरवले. चारही रजिस्टरांत ४,००,०००.