अगत्तीचं लगून: खोली बसली, आता तळाचा पाठलाग

मंडळी, उपग्रहाच्या चित्रांवरून मी लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाचा जो नकाशा करतोय, त्यात पाण्याच्या खोलीचा थर आता मनासारखा बसला आहे. पूर्वेला लांबट, चिंचोळं बेट, पश्चिमेला लगून, म्हणजे उथळ, शांत पाणी, आणि त्याच्या कडेने प्रवाळाची भिंत. हा सगळा पट्टा १० मीटरच्या पिक्सेलवर खोलीसकट दिसतो. तळावर काय आहे, हे काम मात्र अर्धंच झालंय, आणि या वेळी मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचंय.

जगभरच्या समुद्रतळाचा जेब्को (GEBCO) या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा फुकट नकाशा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याची एक चौकट अक्षांश-रेखांशाच्या १५ सेकंदांची, म्हणजे साधारण ४५० मीटरची. अगत्ती सगळ्यात रुंद जागीसुद्धा एक किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अख्ख्या बेटाच्या वाट्याला आडवे जेमतेम दोन ठिपके! महासागरासाठी तो नकाशा उत्तम आहे, लगूनसाठी नाही. म्हणून सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरची चित्रं.

चित्रं निवडताना ऋतू आधी बघा, ढग नंतर. जून ते सप्टेंबर पावसाळ्यामुळे विषयच नाही. पण एप्रिलमधलं निरभ्र आकाशही फसवं असतं. ११ अंश अक्षांशाच्या आसपास तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि पाण्यावरची चकाकी थेट उपग्रहाच्या डोळ्यात जाते. डिसेंबर ते फेब्रुवारीची चित्रं सगळ्यात स्वच्छ मिळाली. शिवाय तेव्हा समुद्र शांत असतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा फेस कमी असतो. उरलेली चकाकी जवळच्या इन्फ्रारेड बँडवरून, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यावरून काढली. पाणी हा प्रकाश गिळून टाकतं, त्यामुळे खोल पाण्यावर तो चमकला तर ती चमक पृष्ठभागाचीच. फेस आणि गुडघाभर पाणी यांना मात्र ही युक्ती लावायची नाही. तिथे तो बँड दुसऱ्या कारणाने उजळतो, म्हणून ते भाग आधी झाकून घेतले. वातावरणाच्या दुरुस्तीसाठी आधीच दुरुस्त केलेली तयार (एल-२-ए) चित्रं न घेता मूळ, दुरुस्तीआधीची (एल-१-सी) चित्रं अ‍ॅकोलाइट या पाण्यासाठीच्या सॉफ्टवेअरमधून काढली. तयार दुरुस्ती जमीन डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते, पाण्यावर फरक स्पष्ट दिसतो.

खोलीचं सूत्र म्हणजे २००३ साली स्टम्फ आणि सहकारी या संशोधकांनी मांडलेलं निळ्या आणि हिरव्या बँडच्या लॉगचं (लॉगॅरिदमचं) गुणोत्तर. हिरवा प्रकाश पाण्यात निळ्याच्या आधी संपतो, त्यामुळे खोली वाढली की गुणोत्तर वाढतं. पण गुणोत्तर म्हणजे मीटर नव्हे. मीटर मिळवायला कुठेतरी खरी खोली माहीत असावी लागते, आणि आपल्याकडे ना होडी ना सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र).

इथे आइससॅट-२ कामाला आला. २०१८ मध्ये बर्फाची उंची मोजायला सोडलेला हा उपग्रह ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर सेकंदाला १०,००० वेळा खाली सोडतो आणि परतलेला एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, मोजतो. हिरवा प्रकाश पाण्यात शिरतो, म्हणून स्वच्छ समुद्रात तळावरून परतलेले फोटॉनही हाती लागतात. फोटॉनचा आलेख उघडल्यावर वर एक दाट आडवी रेघ, पाण्याचा पृष्ठभाग, आणि तिच्याखाली दुसरी वेडीवाकडी रेघ, प्रत्यक्ष तळ. माणसाने दोर न सोडता शेकडो किलोमीटर वरून लगूनचा तळ मोजला जातोय, हे दर वेळी बघताना मला तितकंच अद्भुत वाटतं. रात्रीचे फेरे घ्या, सूर्याचे भरकटलेले फोटॉन नसतात आणि तळाची रेघ सुटी दिसते. एक दुरुस्ती विसरायची नाही. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून दिसणारी खोली खऱ्यापेक्षा जास्त असते, तिला साधारण ०.७५ ने गुणावं लागतं. भरती-ओहोटीचा फरकही जमेला धरा. तीन-चार मीटरच्या लगूनमध्ये एक मीटर म्हणजे फार झालं.

उपग्रहाच्या वाटा जवळजवळ उत्तर-दक्षिण जातात. त्यामुळे लगून तिरकं कापलं जातं आणि एकाच फेऱ्यात भिंतीपासून उथळ वाळूपर्यंतच्या खोल्या मिळतात. काही वाटा गुणोत्तराचे मीटर करायच्या जुळणीसाठी वापरल्या, काही नुसत्या पडताळणीसाठी बाजूला ठेवल्या. वाळूच्या तळावर लेझरची आणि गुणोत्तराची, दोन्ही खोल्या छान जुळतात. भिंतीच्या बाहेर उतार सुरू झाला की मात्र दोन्हींतला फरक वाढत जातो.

आता मुद्द्याचं. एकाच बँडच्या उजेडावरून खोली काढली तर समुद्री गवताचा काळपट पट्टा खोल खड्ड्यासारखा दिसतो. गुणोत्तराने हा घोटाळा बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून फोटॉनची खोली आणि रंगावरून काढलेली खोली यांची वजाबाकी करून पाहिली. फरक कुठेही विखुरलेला नव्हता, तो ठरावीक जागी साचला होता. म्हणजे जिथे खोली बिघडते तिथे तळ बदलतो. गंमत म्हणजे त्या वाटांपुरता हा वजाबाकीचा थरच तळाचा पहिला कच्चा नकाशा झाला. फोटॉनच्या रेघेचा खडबडीतपणाही सोबत घेतला. वाळू आणि गवत सपाट जातात, प्रवाळाचे ढेकूळ वर उठतात.

तरी एक गोष्ट यातून कळत नाही आणि कळते असं मी नकाशावर लिहिणार नाही: प्रवाळ जिवंत आहे की मेलेला. मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ चढलं की १० मीटरच्या पिक्सेलमध्ये दोघांचा रंग सारखाच. जगभरच्या प्रवाळांचा उपग्रहावरून नकाशा करणाऱ्या अ‍ॅलन कोरल अ‍ॅटलसनेसुद्धा प्रवाळ आणि शेवाळ एकाच वर्गात ठेवलेत. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठं विरंजन (तापलेल्या पाण्यात प्रवाळ पांढरे पडणं) सोसलं, २०२४ मध्ये पुन्हा. अशा ठिकाणी आपण हौसेने गुलाबी रंग भरून 'जिवंत प्रवाळ' लिहिलं, तर कुणीतरी तो नकाशा दाखवून सगळं आलबेल आहे असं म्हणेल. म्हणून माझ्या सूचीत 'खडबडीत, गडद तळ' एवढंच आहे. आपल्यापैकी जे मालदीव किंवा अंदमानवर काम करताहेत त्यांनीही असंच करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार का घेत नाही, असं बरेच जण विचारतात. विजयदुर्गच्या समोर, आपलीच, मलाही तिची ओढ आहे. पण तिचा सगळ्यात उथळ भागसुद्धा वीस मीटरच्या आसपास. तिथे रंगाची पद्धत लंगडी पडते, सोनारच हवा. मालवणचे प्रवाळ उथळ आहेत, पण पाणी गढूळ.

पुढचं काम गवताचं. अगत्तीच्या लगूनमध्ये २००० च्या दशकात हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली की त्यांनी गवताची कुरणं खाऊन विरळ केली, असं संशोधकांनी नोंदवलंय. मासे कमी झाले म्हणून तिथले मच्छीमार कासवांवर नाराज होते. हा बदल लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या जुन्या चित्रांत किती दिसतो ते मला तपासायचंय. लँडसॅट-७ चा एक भाग मे २००३ मध्ये बिघडला, त्यानंतरच्या चित्रांत रिकाम्या तिरक्या पट्ट्या आहेत. त्यामुळे एकाच मोसमातली अनेक चित्रं एकावर एक ठेवून त्या भरतोय. दोन काळांची चित्रं नीट जुळवायला विमानतळाची धावपट्टी फार उपयोगी पडते. कडा सरळ, जागा पक्की.

तुमच्यापैकी कुणी परमिट काढून अगत्तीला जाणार असाल, तर लगूनमध्ये पोहताना तळाचे फोटो काढा आणि जागेची नोंद ठेवा. वाळू असो, गवत असो, काहीही चालेल. गवताचे फोटो आधी पाठवलेत तर फारच बरं.