हिमसंकटात नळसामानाच्या विभागातला एक दिवस

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्ससवर आलेल्या हिमसंकटाच्या बातम्या भारतातही पोहोचल्या होत्या, पण त्या बहुतेक विजेच्या होत्या. 15 तारखेच्या पहाटे राज्याची वीजयंत्रणा पूर्ण कोसळायला पाच मिनिटेही उरली नव्हती, ती वाचवण्यासाठी लाखो घरांची वीज तोडावी लागली, आणि त्या संकटात सरकारी नोंदीनुसार 246 माणसे दगावली. मी मात्र ते संकट पाण्याच्या बाजूने पाहिले. ह्यूस्टनमधल्या घरदुरुस्तीच्या सामानाच्या एका अवाढव्य दुकानात मी तेव्हा नळसामानाच्या विभागात काम करत होते, आणि गुरुवार, 18 फेब्रुवारी हा दिवस माझ्या तिथल्या नोकरीतला सर्वांत कठीण आणि मला सर्वांत जास्त शिकवणारा दिवस ठरला.

अशा दुकानांची रचना मुळातच गिऱ्हाइकाने स्वतः शोधून, स्वतः उचलून न्यावे अशी असते. लाखभर चौरस फुटांची वखार, छतापर्यंत गेलेले रॅक, प्रत्येक ओळीवर क्रमांक. नेहमीच्या दिवशी माणूस विचारतो, ‘अमुक वस्तू कुठे आहे?’, आपण ओळ सांगतो, आणि तेवढ्यावर काम भागते. मी सांगलीला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन काही वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामांवर काढलेली होती, त्यामुळे मला जरा पुढचे विचारण्याची सवय होती. पण नेहमीच्या दिवशी त्याला वेळही नसे आणि फारसे कोणी ते मागतही नसे. काही गिऱ्हाइके तर मला पाहून ‘या विभागातला जाणकार माणूस कुठे आहे?’ असे विचारत, आणि तो जाणकार माणूस म्हणजे मीच हे सांगण्यात पहिली काही मिनिटे जात.

ह्यूस्टनमध्ये तापमान उणे दहा सेल्सिअसच्या आसपास उतरले होते. तिथली घरे अशा थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. जमिनीवर काँक्रीटचा सपाट पाया असतो, तळघर नसते, म्हणून पाण्याचे पाइप पुष्कळ घरांत छताच्या वर, पोटमाळ्यातून फिरवलेले असतात, आणि पोटमाळा उघड्या हवेइतकाच गार होतो. पाइप जिथे बर्फ होतो नेमका तिथेच फुटतो असा समज आहे, पण बहुधा तसे होत नाही. बर्फाचा बुच वाढत जातो, तो आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावरचा दाब चढत जातो, आणि त्या पट्ट्यातली सर्वांत कमकुवत जागा चिरते. चिरल्यावरही लगेच काही कळत नाही, कारण बर्फाने वाट अडवलेली असते. थंडी ओसरू लागली, बुच वितळला, की मग छतातून पाणी कोसळते. त्यामुळे वीज परत आल्याचा आणि ऊब वाढल्याचा आनंद ज्या दिवशी व्हायचा, त्याच दिवशी हजारो घरांची छते खाली आली. आमचे दुकान आठवड्याच्या सुरुवातीला बंद होते, बुधवारी काही तास उघडले, आणि गुरुवारी सकाळी दार उघडण्याआधीच रांग वाहनतळाच्या टोकापर्यंत गेली होती.

पहिल्या तासात आम्ही नेहमीच्याच पद्धतीने काम केले आणि त्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसला. दाबून बसवायची कपलिंग, म्हणजे ज्यांना डाग द्यावा, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून सांधा करावा, लागत नाही की सोल्यूशन लावावे लागत नाही अशी जोडणी, लोक मुठी भरभरून उचलत होते. कोणत्या मापाची, कोणत्या पाइपाची, हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून सगळ्या मापांची घेत होते. अर्ध्या इंचीचा खण तासाभरात रिकामा झाला. पुढच्या वीस माणसांना त्यातली एकेक पुरली असती, आणि ती मागच्या चार माणसांच्या गाड्यांत होती. लोकांना मी दोष देत नाही. घरात पाणी नाही, छत खाली आलेले आहे, आणि शहराने पाणी उकळून पिण्याची सूचना दिलेली आहे, अशा वेळी हाताला लागेल ते घ्यावे असेच कोणालाही वाटणार.

आमच्या विभागात एक निवृत्त प्लंबर होते, चाळीसेक वर्षे हाताने काम केलेले. त्यांनी आणि मी मिळून ओळीच्या तोंडाशी प्लायवूडची फळी टाकून एक टेबल उभे केले आणि मॅनेजरांना सांगितले की आता कोणालाही थेट आत सोडू नका, आधी आमच्याशी बोलू द्या. मॅनेजर क्षणभर घुटमळले, कारण रांग थांबवणे हे तिथल्या शिस्तीच्या अगदी विरुद्ध होते. मग त्यांनीच दोरी आणून बांधली आणि स्पॅनिश बोलणाऱ्या एका मुलीला रंगाच्या विभागातून आमच्या शेजारी आणून उभे केले. हा निर्णय त्यांच्या हुद्द्याच्या माणसाला सोपा नव्हता, आणि त्याचे श्रेय मी त्यांनाच देते.

टेबलावर आम्ही एकच क्रम ठेवला. मुख्य व्हॉल्व्ह बंद केला का. पाणी तापवायची टाकी बंद केली का, कारण रिकामी टाकी चालू राहिली तर तिचे हीटर जळतात. फुटलेला पाइप दिसतो का. त्याचा तुकडा किंवा फोटो आणला का. आणि घरातले बाकीचे नळ त्या फुटलेल्या फाट्यावर अवलंबून आहेत का. पुष्कळांनी मुख्य व्हॉल्व्हच बंद केलेला नव्हता, कारण तो कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना मीटरच्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवायची लांब किल्ली देऊन आम्ही आधी घरी पाठवले. दुसरी कोणतीही वस्तू त्या क्षणी त्यांच्या उपयोगाची नव्हती.

शेवटच्या प्रश्नाने त्या दिवसाची दिशाच बदलली. कपलिंग संपत आली होती, पण त्याच जातीच्या टोपणांचे, म्हणजे पाइपाचे टोक बंद करणाऱ्या एन्ड कॅपचे, खण जवळजवळ भरलेले होते. सगळ्यांच्या मनात ‘दुरुस्ती’ हाच शब्द होता, म्हणून सगळे जोडणी मागत होते. पण ज्याच्या पाहुण्यांच्या न्हाणीघराकडे जाणारा फाटा फुटला आहे, त्याला आज तो जोडायची गरजच नाही. चिरीच्या अलीकडे पाइप कापायचा, टोपण बसवायचे, मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, आणि उरलेल्या घरात पाणी परत. दुरुस्ती महिन्याने झाली तरी चालेल. मी हे पहिल्यांदा एका गृहस्थांना समजावले तेव्हा त्यांच्या मागच्या चौघांनी ते ऐकले आणि हातातली कपलिंग आपण होऊन टेबलावर परत ठेवली.

दुपारच्या सुमारास एक तरुण माझ्या छातीवरची आडनावाची पट्टी वाचून म्हणाला, “ताई, तुम्ही मराठी का?” तो मूळचा नांदेडचा, ह्यूस्टनजवळच्या केटी गावात राहणारा, संगणकाच्या क्षेत्रातला, त्याचे आईवडील त्याच्याकडे राहायला आलेले होते. “बाबा म्हणतात, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने आवळू, आमच्याकडे असंच करायचे.” मी म्हटले, “बाबांना सांग, त्यांची युक्ती चुकीची नाही, पण इथला दाब वेगळा आहे.” आपल्याकडे दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या-पाऊण किलो दाबाचे असते, तिथे रस्त्यावरच्या वाहिनीचा तीन-चार किलोंचा दाब थेट घरात येतो, आणि छतात बांधलेली पट्टी रात्रीत सरकली तर पुन्हा सगळे भिजणार. त्याने आयुष्यात करवत धरलेली नव्हती. मी टेबलावरच एक तांब्याचा तुकडा त्याच्याकडून कापून घेतला, कड घासून घेतली, सुमारे एक इंचावर खूण करायला लावली आणि टोपण त्या खुणेपर्यंत दाबायला सांगितले. त्याने ते दोनदा केले, आणि मग मी न सांगता तो रांगेतल्या मागच्या माणसाला तेच दाखवू लागला. “काकांना दाखवून जातो, तुम्ही पुढचं बघा,” असे मला मराठीत म्हणून तो त्या अमेरिकन काकांशी इंग्रजीत बोलत राहिला. पुढचा अर्धा तास तो तिथेच होता, आणि नाइलाजाने मीच त्याला घरी पिटाळले.

ठेकेदारांचा प्रश्न अधिक अवघड होता. एक प्लंबर दाबून बसवायच्या कपलिंगची अख्खी खोकी घेऊन निघाला होता आणि रांगेतले लोक त्याच्यावर ओरडू लागले होते. मला स्वतःला ते ओरडणे न्याय्य वाटले नाही, कारण तो माणूस दिवसभरात दहा घरांत पाणी आणणार होता, आणि ओरडणारे प्रत्येकी एकाच. पण आमच्या निवृत्त सहकाऱ्यांनी त्याला एकच गोष्ट विचारली: “तुला डाग देता येतो ना?” डाग देऊन बसवायची साधी तांब्याची कपलिंग मागच्या खणात भरपूर होती, आणि ती कितीतरी स्वस्तही होती. ज्याच्याकडे ज्योत आणि हात दोन्ही आहेत त्याने ती न्यावी, ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्यासाठी दाबायची राहू द्यावी. प्लंबर थोडा वेळ गप्प राहिला, मग त्याने बहुतेक खोकी परत ठेवली. त्यानंतर जो प्लंबर आला त्याला आम्ही हेच सांगत गेलो.

संध्याकाळी आलेल्या एका वृद्ध बाईंमुळे हा दिवस माझ्या विशेष लक्षात राहिला आहे. त्या एकट्या राहणाऱ्या होत्या. दुसऱ्या कुठल्याशा दुकानातून त्यांनी आदल्या दिवशी कपलिंग आणले होते, शेजाऱ्याने ते बसवून दिले होते, आणि पाणी सोडताच ते निसटले होते. पुन्हा बसवले, पुन्हा निसटले. शेजाऱ्याचे म्हणणे होते की माल खराब आहे, आणि त्या फक्त बदली मागायला आल्या होत्या. दुकानाच्या नियमाप्रमाणे मी त्यांना परतीच्या काउंटरकडे पाठवले असते तर कोणी मला बोलले नसते, कारण वस्तू आमची नव्हतीच. मी पाइपाचा तुकडा मागितला. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला राखाडी तुकडा काढला, आणि त्यावर बारीक अक्षरांत पीबी 2110 असे छापलेले होते.

तो पॉलिब्युटिलीनचा पाइप होता. 1978 ते 1995 या काळात अमेरिकेत लाखो घरांत हा पाइप बसवला गेला, स्वस्त आणि वळवायला सोपा म्हणून. पाण्यातल्या क्लोरीनने तो आतून ठिसूळ होतो हे नंतर कळले, आणि 1995 मध्ये झालेल्या सामूहिक दाव्याच्या तडजोडीत उत्पादकांनी सुमारे 95 कोटी डॉलर मान्य केले. तांबे, आणि पेक्स व सीपीव्हीसी हे प्लास्टिकचे पाइप, या तिन्हींना चालणारे नेहमीचे कपलिंग या पाइपावर धरत नाही. त्याला एका बाजूला राखाडी कड असलेले वेगळे कपलिंग लागते. ती आमच्याकडे तळाच्या खणात धूळ खात पडलेली होती. दिवसभर कोणी त्यांना हातही लावला नव्हता, कारण ती कशासाठी असतात हेच कोणाला माहीत नव्हते. मी बाईंना दोन राखाडी कपलिंग, मध्ये बसवायला पेक्सचा हातभर तुकडा आणि एक साधा पाइपकटर दिला, आणि शेजाऱ्याला फोन लावायला सांगून सगळा क्रम त्याला फोनवर सांगितला. मग बाईंना हेही स्पष्ट सांगितले की ही तात्पुरती सोय आहे, बाकीचा पाइपही त्याच वयाचा आहे, आणि विम्याच्या माणसाला हा तुकडा व त्यावरची अक्षरे दाखवल्याशिवाय टाकून देऊ नका. त्यांनी तो तुकडा पुन्हा रुमालात गुंडाळला. “दोन दिवस मी समजत होते की मलाच काही कळत नाही,” असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मला फार लागले. चुकीची वस्तू हातात देऊन माणसाला पाठवले की तो त्या वस्तूला नव्हे, स्वतःलाच दोष देत बसतो, आणि मोठ्या दुकानांत हे रोज, कोणत्याही संकटाशिवाय, किती वेळा होत असेल याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

त्या आठवड्यातली आमच्या विभागाची बिले लहान होती. एक टोपण, एक किल्ली, हातभर पाइप. आमच्या कामाचे मोजमाप मात्र दर बिलामागे किती रकमेचा माल गेला यावर होत असे, आणि आढाव्याच्या वेळी तो मुद्दा निघाला. मी मॅनेजरांना म्हटले की पुढच्या काही आठवड्यांत परत येणारा माल पाहा. तसे त्यांनी पाहिले. टेबल लागण्याआधीच्या तासाभरात गेलेली कपलिंग पिशव्या भरभरून परत येत राहिली. टेबलावरून गेलेला माल क्वचितच आला. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून ते प्रश्न लिहून घेतले आणि इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत ओळीच्या तोंडाशी लावले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात टोपणे आणि मीटरच्या किल्ल्या आमच्या मागणीवरून प्रवेशाजवळ मांडल्या गेल्या. विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात तांबे, पेक्स, सीपीव्हीसी, लोखंड आणि तो राखाडी पीबी असे पाच तुकडे हातात देऊन नुसत्या स्पर्शाने व छापील अक्षरांवरून ओळखायला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ती नोकरी सोडेपर्यंत मी ते केले.