तुम्ही विचारलंत म्हणून: पार्कच्या हॉटेलात उतरलं की रांग खरंच वाचते का?

एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याहून, ठाण्याहून, कधी डॅलसहून. मी फ्लोरिडात टॅम्पाला राहते. युनिव्हर्सल आणि डिस्नेची मोठी मनोरंजन पार्कं जिथे आहेत ते ओरलँडो आमच्यापासून गाडीने दीड तासावर, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन जाणारी मीच. त्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतो: "तिथल्या हॉटेलात राहिलं तर राइडच्या रांगेत थांबावं लागत नाही म्हणे. खरं का? आणि त्यासाठी एवढे पैसे घालायचे का?"

खरं आहे. पण तीनच हॉटेलांच्या बाबतीत आणि दोनच पार्कांत. ही मेख कळली नाही तर पैसेही जातात आणि सुट्टीही.

ही तीन हॉटेलं युनिव्हर्सलची: पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक. यांतल्या कुठल्याही खोलीबरोबर 'एक्सप्रेस अनलिमिटेड' पास फुकट मिळतो, खोलीत जितकी माणसं नोंदवलेली असतील तितक्यांना. तो चालतो युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर या दोन जुन्या पार्कांत. थोड्या राइड सोडल्या तर बाकी सगळीकडे वेगळ्या, लहान रांगेतून जायचं, तेही एकाच राइडला हवं तितक्या वेळा. पार्कचं तिकीट मात्र निराळं काढावं लागतं. खोलीच्या भाड्यात ते धरलेलं नसतं, आणि हे दर वर्षी कुणाला तरी तिथे पोचल्यावर कळतं.

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट. पास रात्रीच्या हिशोबाने मिळत नाही, दिवसाच्या हिशोबाने मिळतो. ज्या दिवशी तुम्ही येता तो पूर्ण दिवस आणि ज्या दिवशी जाता तोही पूर्ण दिवस. म्हणजे एक रात्र राहिलात तरी पास दोन दिवसांचा. खोलीची किल्ली दुपारी चारनंतर हातात पडते, पण पास सकाळीच घेता येतो. आम्ही टॅम्पाहून पहाटे पाचला निघतो, सामान हॉटेलच्या माणसाकडे ठेवतो, लॉबीतल्या यंत्रासमोर एकेक जण उभा राहून फोटो देतो आणि पार्कचं दार उघडायच्या आत तिथे हजर असतो. दुसऱ्या दिवशी खोली सोडून सामान परत त्यांच्याकडेच ठेवायचं आणि पार्क बंद होईपर्यंत फिरायचं. पाच-पाच रात्री तिथे काढायची काही गरज नाही. एक रात्र तिथे आणि बाकीच्या साध्या, स्वस्त हॉटेलात, असंच मी सगळ्यांना सांगते.

हिशोब स्वतः मांडून बघा. हाच पास पार्कात विकतही मिळतो आणि त्याची किंमत तारखेप्रमाणे बदलते. गर्दीच्या दिवसांत तो माणशी, दिवसाला शंभर डॉलरच्या बराच वर जातो, नाताळात तर त्याहून पुष्कळ. समजा तो दीडशेला आहे. चार माणसं, दोन दिवस, म्हणजे आठ पास, बाराशे डॉलर. त्याच तारखेला रॉयल पॅसिफिकची खोली पाचशेला मिळत असेल, तर त्यावर साडेबारा टक्के कर आणि गाडी लावायचे पैसे धरूनही खोलीच स्वस्त पडते. आणि झोपायला जागा मिळते ती वेगळीच. तेच दोघं नवरा-बायको असतील तर पारडं इकडेतिकडे होतं, आणि एकट्या माणसाला तर मी नकोच म्हणते. एकट्यासाठी बऱ्याच राइडना सुट्या माणसांची वेगळी रांग असते. मध्ये रिकामी राहिलेली एखादी जागा भरायला तिथून बोलावतात, आणि तिला पैसे पडत नाहीत.

तारीख बघा, हेही तेवढंच महत्त्वाचं. सप्टेंबरात इथल्या शाळा सुरू झालेल्या असतात, वादळांचा मोसम असतो आणि पार्क मोकळे असतात. तेव्हा या पासावर खर्च करू नका. मार्चच्या सुट्ट्या, जून-जुलै आणि नाताळ ते नववर्ष या दिवसांत मात्र तो अंगावरच्या कपड्यांइतका गरजेचा वाटतो. उन्हाळ्यात आणखी एक गंमत आहे, जी बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसते. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला आभाळ भरून येतं आणि विजा कडाडायला लागतात. आपल्याकडे जून-जुलैत दिवसभर रिपरिप चालते तसं नव्हे, तासाभराचा धुमाकूळ. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद होतात आणि सगळा लोंढा आतल्या राइडकडे धावतो. त्या तासात वेगळ्या रांगेची किंमत कळते.

माझी मावसबहीण तीन वर्षांपूर्वी जुलैत आली होती. चौघं आणि तिच्या सासूबाई. तिकडच्या एका ट्रॅव्हल एजंटने तिला सांगितलं, "ताई, युनिव्हर्सलचंच हॉटेल देतोय, पास त्यातच आलाय." हॉटेल युनिव्हर्सलचंच होतं, पण वर सांगितलेल्या तीन हॉटेलांपैकी नव्हतं. सफायर फॉल्स, कबाना बे, अॅव्हेंचुरा, एंडलेस समर ही सगळीसुद्धा युनिव्हर्सलचीच हॉटेलं आहेत, छान आहेत, पण त्यांच्याबरोबर एक्सप्रेस पास येत नाही. तिथल्या पाहुण्यांना सकाळी इतरांच्या आधी पार्कात सोडतात, एवढंच. बहिणीने पहिल्याच राइडच्या दाराशी पास मागितला तेव्हा हे कळलं. दिवसभरात त्यांच्या पाच राइड झाल्या. सासूबाई एका कठड्यावर पाय दाबत बसलेल्या होत्या, आणि बहीण मला फोनवर सांगत होती, "अगं, त्यांना उगाच आणलं." मला ते वाक्य अजून टोचतं. मला आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. म्हणून आता कुणी विचारलं की मी हॉटेलचं पूर्ण नाव मागते आणि एजंटने पाठवलेला कागदही मागते.

युनिव्हर्सलच्या नव्या पार्कबद्दलही सांगून टाकते. एपिक युनिव्हर्स 22 मे 2025 ला उघडलं. त्याला लागून हेलिओस ग्रँड हॉटेल आहे, त्यातून थेट पार्कात दार आहे. दिसायला राजेशाही थाट, पण एक्सप्रेस पास तिथेही फुकट मिळत नाही. आणि जुन्या तीन हॉटेलांचा पास एपिकमध्ये चालत नाही.

"आणि डिस्ने?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात उतरलात तरी रांग फुकटात टळत नाही. त्यांची वेगळी रांग म्हणजे लायटनिंग लेन, आणि ती सगळ्यांनाच विकत घ्यावी लागते. हॉटेलच्या पाहुण्यांना ती सात दिवस आधी घेता येते, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. शिवाय पाहुण्यांना रोज अर्धा तास लवकर आत सोडतात. त्या अर्ध्या तासात दाराशी वेळेवर पोचलात तर दोन मोठ्या राइड होऊन जातात, पण लहान मुलांना पहाटे उठवणं ज्यांना जमतं त्यांच्यासाठीच हे आहे. मी इथे आले तेव्हा डिस्नेत यंत्रातून कागदी फास्टपास निघायचा, सगळ्यांना फुकट. 1999 साली सुरू झालेला हा फुकट फास्टपास पुढे कागदाशिवाय चालला आणि 2021 मध्ये कायमचा संपला. बाहेर साध्या मोटेलात राहणारं कुटुंब आणि महागड्या हॉटेलातलं कुटुंब, दोघांच्या हातात तेव्हा सारखाच कागद असायचा. तो गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे वाईट वाटणं मला बाबांनी दाखवलं.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. सोलापूर डेपोत तीस वर्षं काढली. ओळखीतल्या माणसालाही त्यांनी कधी रांग मोडून आधी चढू दिलं नाही. पंढरपुरात ते मुखदर्शनावर कधी भागवत नाहीत. बारीला लागतात आणि पायावर डोकं ठेवूनच बाहेर येतात, कितीही तास लागोत. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा आले तेव्हा मी रॉयल पॅसिफिकची खोली घेतली, ती मुख्यतः आईच्या गुडघ्यांसाठी. पहिल्याच राइडला आम्ही वेगळ्या रांगेतून झपाझप पुढे गेलो. या दोन रांगा शेवटी एका ठिकाणी मिळतात. तिथे एक कर्मचारी उभा असतो. तो आपल्या बाजूची माणसं भराभर सोडतो आणि दुसऱ्या बाजूला हात आडवा करून थांबवतो. त्या हातापलीकडे एक बाई होती, कडेवर मूल, कपाळाला केस चिकटलेले. बाबांची आणि तिची नजरानजर झाली. बाबा थांबले. "ही आधीपासून उभी आहे," ते मला म्हणाले, मराठीतच, पण हाताने तिला पुढे व्हायची खूण केली. कर्मचाऱ्याला काही कळेना. मागचे लोक खोळंबले. शेवटी आईने त्यांचा दंड धरून पुढे नेलं.

दुपारी जेवताना मी त्यांना समजावलं: बाबा, सगळ्यांना विकत मिळतो हा पास, आपण काही चोरून घुसलो नाही. ते म्हणाले, "विकत मिळतो हे खरं. पण ती बाई आपल्यामुळे थांबली हेही खरं." मला यावर उत्तर देता आलं नाही, आजही देता येत नाही. तरी पुढच्या वेळी आईला घेऊन गेले तर मी तीच खोली घेईन. दोन दिवसांत आईने मुलांबरोबर नऊ राइड केल्या आणि एकदाही "तुम्ही जा, मी इथे बसते" म्हणाली नाही.

एका जागी मात्र तुम्ही पास असूनही साध्या रांगेत उभे राहा: आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचरमधल्या हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स किल्ल्यात. तिथली रांगच बघण्यासारखी आहे, आणि वेगळ्या रांगेतून गेलं की तिचा काही भाग सुटतो. दुसऱ्या दिवशी बाबांनी पास माझ्या हातात दिला आणि माझ्या धाकट्याला घेऊन त्या रांगेत गेले. पाऊण तास लागला. राइडच्या तोंडाशी पोचल्यावर ते बसले नाहीत. तशी सोय असते, बसायचं नाही म्हटलं की बाजूने बाहेर सोडतात. बाहेर आले तेव्हा माझा मुलगा भिंतीवरच्या बोलणाऱ्या तसबिरींबद्दल सांगत होता. बाबा घाम पुसत म्हणाले, पुढे एक गुजराती कुटुंब होतं, अहमदाबादचं, त्यांनी ठेपले दिले.